दुबार नोंदी यादी भरतानाच कशा अडवाव्यात

गोव्यातल्या साखळीच्या एका तरुण ग्रंथपालांनी विचारलं आहे: "सहा गावच्या वाचनालयांच्या पुस्तकांची एकच यादी करायची आहे. सगळ्या सीएसव्ही फाईली (साध्या मजकुरातले तक्ते) मिळून सुमारे ४०,००० ओळी होतात. शीर्षक आणि लेखक जोडून एक मजकूर करतो, तो यादीत आधी आला आहे का पाहतो आणि नसेल तर अपेंड करतो. सुरुवातीला भराभर चालतं, मग इतकं मंदावतं की प्रोग्रॅम अडकला असं वाटतं. सेट वापरला तर काम क्षणात होतं, पण क्रम विस्कटतो आणि दर वेळी वेगळाच विस्कटतो. एवढं करूनही काही पुस्तकं दोनदा दिसतातच. चुकतंय कुठे?"

यात तीन प्रश्न आहेत. पहिले दोन पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे, ते लवकर सुटतील. तिसरा ग्रंथालयाचा आहे आणि खरा वेळ त्याला द्यायला हवा. फोंड्यात बसून गेली वीसेक वर्षं मी याद्यांचीच कामं करते आहे. हॉटेलांचे पाहुणे, सोसायट्यांचे सभासद, देवस्थानांचे महाजन, वाचनालयांची पुस्तकं, सगळं हाताखालून गेलं. दुबार नोंदींचा घोळ जिथे जिथे निस्तरला तिथे बहुतेकदा एकच गोष्ट राहून गेलेली दिसली: दोन नोंदी "एकच" कधी मानायच्या, हे आधी कुणी बसून ठरवलेलं नव्हतं.

आधी मंदावण्याचं बघू. लिस्टमध्ये "आहे का" असं विचारलं की पायथन पहिल्या घटकापासून एकेक ताडत जातो. नोंद नवीन असेल तर त्याला शेवटपर्यंत जावंच लागतं. यादीत दहा नोंदी असतील तर दहा तुलना, तीस हजार असतील तर तीस हजार, आणि तेही प्रत्येक नव्या ओळीसाठी. ४०,००० ओळी सगळ्या वेगळ्या निघाल्या तर एकूण तुलना सुमारे ८० कोटी होतात. ओळी दुप्पट झाल्या की काम चौपट. म्हणून सुरुवात झपाट्याची वाटते आणि शेवट संपता संपत नाही.

सेट वेगळ्या पद्धतीने शोधतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्हाला सुक्या मिरच्या हव्या असतील तर तुम्ही फाटकापासून एकेका विक्रेतीला विचारत जात नाही. मिरच्यांची रांग कुठे बसते ते ठाऊक असतं, तिथे सरळ जाता. सेट प्रत्येक घटकाचा हॅश काढतो, म्हणजे त्या मजकुरावरून एक आकडा काढतो, आणि त्या आकड्यावरून घटकाची जागा ठरवतो. शोधताना तोच आकडा पुन्हा काढून तो थेट त्या जागी जातो. यादी कितीही वाढली तरी हा हेलपाटा जवळपास तेवढाच राहतो. पण सकाळी बाजारात पहिली कोण येऊन बसली, हे रांगा पाहून कळत नाही. सेटमध्येही आधी काय आलं याची नोंद कुठेच नसते, म्हणून क्रम जातो.

दर वेळी वेगळा का विस्कटतो, त्याचंही कारण ठरलेलं आहे. मजकुराचा हॅश काढताना पायथन प्रत्येक वेळी सुरू होताना एक यादृच्छिक बीज घेतो. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून हे आपोआप होतं. मुद्दाम एकाच जागी पडणारे मजकूर पाठवून कुणी सर्व्हर ठप्प करू नये, यासाठी केलेली ती सोय आहे. पूर्णांकांना हे बीज लागत नाही, लहान पूर्णांकाचा हॅश तो आकडा स्वतःच असतो. त्यामुळे १ ते १० असे आकडे सेटमध्ये टाकून पाहिले की ते ओळीने आल्यासारखे दिसतात, आणि नवशिके "सेट क्रम राखतो" अशी समजूत करून घेतात. त्यावर विसंबू नका.

उपाय असा, की दोन्ही ठेवायचं. क्रमासाठी लिस्ट, आणि दारावर उभा राहून विचारणा करायला सेट. कोडातले शब्द मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. फाईलमध्ये पायथनचे स्वतःचे शब्द नेहमीच्या स्पेलिंगनेच टाईप करा. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात. खूण म्हणजे जिच्यावरून नोंद ओळखायची ती गोष्ट, तिच्याबद्दल पुढे.

पाहिलेल्या = सेट()
यादी = []
फॉर नोंद इन नोंदी:
    खूण = खूण_काढ(नोंद)
    इफ खूण नॉट इन पाहिलेल्या:
        पाहिलेल्या.ॲड(खूण)
        यादी.अपेंड(नोंद)

एवढंच. ८० कोटी तुलनांच्या जागी ४०,००० वेळा दारावरची विचारणा. सेटसाठी जास्तीची मेमरी काही एमबी लागेल, वाचनालयातल्या जुन्या संगणकालाही ती जड जाऊ नये.

हेच काम एका ओळीत करणारी एक युक्ती तुम्हाला सापडेल: लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्येच (एका ओळीत लिस्ट घडवायची पद्धत) "ऑर पाहिलेल्या.ॲड" घुसवायचं, कारण ॲड काहीच परत देत नाही आणि ते खोटं धरलं जातं. चालते ती. पण सहा महिन्यांनी तुमच्या जागी बसणाऱ्या माणसाला ती ओळ समजणार नाही, म्हणून मी ती वापरत नाही. साध्या मजकुरांची यादी असेल आणि खूण वेगळी काढायची नसेल, तर लिस्ट(डिक्ट.फ्रॉमकीज(नावे)) हा स्वच्छ मार्ग आहे. डिक्ट म्हणजे डिक्शनरी, प्रत्येक कीपुढे (किल्लीपुढे) एक व्हॅल्यू जोडून ठेवणारी रचना, आणि ती भरल्याचा क्रम राखते. डिसेंबर २०१६ च्या ३.६ मध्ये ते आतल्या रचनेमुळे घडत होतं, जून २०१८ च्या ३.७ पासून ते भाषेचंच वचन आहे. यादी भरून झाल्यावर तिच्यावर लूप फिरवत रिमूव्ह करत बसणं मात्र टाळा. घटक काढला की पुढचे एक घर मागे सरकतात आणि लूप एकाला न पाहताच पुढे जातो. सारख्या नोंदी लागोपाठ असल्या तर एखादी दुबार मागे राहू शकते.

आता खूण. वरच्या कोडमध्ये सगळा जीव खूण_काढ या फंक्शनमध्ये आहे, आणि ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण ते तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाचनालयाची यादी साफ करून दिली. शीर्षक आणि लेखक सारखे दिसले की नोंद दुबार, असं मी धरून चालले. यादी सुरेख झाली. पुढे पुस्तकांची पडताळणी करायची वेळ आली तेव्हा कपाटातली बरीच पुस्तकं यादीत नव्हती. एका कादंबरीच्या तीन प्रती होत्या, तिघींचे दाखल क्रमांक (वाचनालयाच्या वहीत प्रत्येक प्रतीला मिळणारा नंबर) वेगळे होते आणि मी त्यातले दोन पुसून टाकले होते. ग्रंथपालबाईंना मूळ दाखल वह्या काढून ते क्रमांक पुन्हा चढवावे लागले. त्यांनी शब्दाने बोलून दाखवलं नाही, पण वह्यांच्या त्या थप्प्या मला अजून आठवतात.

तेव्हापासून मी आधी विचारते: ही यादी कशासाठी? दाखल नोंदीसाठी असेल तर प्रत्येक प्रत वेगळी. खूण म्हणजे वाचनालयाचं नाव आणि दाखल क्रमांक यांची जोडी, कारण सहाही वाचनालयांत १ क्रमांकाचं पुस्तक असणारच. वाचकाला "हे पुस्तक कुठे मिळेल" सांगण्यासाठी असेल तर शीर्षक आणि लेखक. आवृत्तीने फरक पडत असेल, जसा तो पाठ्यपुस्तकांत आणि कायद्याच्या पुस्तकांत पडतो, तर वर्षही. एकाच ४०,००० ओळींच्या तीन वेगळ्या खुणांनी तीन वेगळ्या याद्या निघतील आणि तिन्ही बरोबर असतील.

खूण टपल करून द्या, म्हणजे शीर्षक आणि लेखक सुटे ठेवून कंसात बांधलेली, नंतर न बदलणारी जोडी. शीर्षक आणि लेखक नुसते चिकटवले तर एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला लागून भलत्याच दोन नोंदी सारख्या होण्याची शक्यता राहते. लिस्ट खूण म्हणून चालत नाही, सेट तिला नाकारतो. लिस्ट नंतर बदलू शकते, मग तिची ठरलेली जागाही चुकेल.

आणि माझा आग्रहाचा सल्ला: दुबार नोंद फेकू नका, पहिलीच्या पाठीशी बांधा. सेटऐवजी डिक्शनरी घ्या, खूण ही तिची की, आणि व्हॅल्यू म्हणजे त्या खुणेच्या सगळ्या नोंदींची लिस्ट. सेटडिफॉल्टने रिकामी लिस्ट घालायची आणि तिच्यात अपेंड करायचं. क्रम पहिल्या नोंदीचा राहतो, वेग तोच राहतो आणि "साखळीत दोन प्रती, केरीत एक" हेही हाती येतं. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. डिक्शनरीत त्याच कीवर सरळ नवी नोंद ठेवली, तर जागा पहिलीची राहते पण माहिती शेवटची येते. पुष्कळांना हे कळत नाही, आणि मग जुन्या क्रमांकापुढे नवी आवृत्ती दिसू लागते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, एवढं करून पुस्तकं दोनदा का दिसतात. तुम्ही नमुन्यादाखल पाठवलेल्या ओळींतल्या दोनच जोड्या पाहू. पहिल्या जोडीतल्या दोन्ही ओळींत "ॲटलास" आहे, पडद्यावर तंतोतंत सारखा. दोन्हींना लेन हे लांबी मोजणारं फंक्शन लावून पाहा: एकाचं उत्तर ५ येतं, दुसऱ्याचं ६. पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे. दुसऱ्यात कुणीतरी अ टाईप करून त्यावर चंद्र दिला आहे, म्हणजे "अॅटलास". युनिकोडमध्ये ॲ ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत, आणि कीबोर्ड तर आजही एकसारखे नाहीत. डोळ्याला एक, पायथनला दोन.

दुसरी जोडी "शेतकऱ्यांसाठी" या शब्दाची. हा आपला खास मराठी त्रास आहे, हिंदीवाल्यांना तो फारसा भेटत नाही. रफाराऐवजी येणारा हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे नुक्त्याचं अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, मग य. पहिल्या तऱ्हेने या शब्दाची लांबी १३ भरते, दुसऱ्या तऱ्हेने १४. तुमच्या दोन फाईली बहुधा दोन वेगळ्या कीबोर्डांवर झाल्या आहेत. असा संशय आला की ओळ डोळ्यांनी वाचत बसू नका. ॲस्की हे फंक्शन लावून छापा, ते प्रत्येक अक्षराचा कोड उघडा करून दाखवतं आणि अदृश्य पाहुणाही लगेच सापडतो.

उपायाची पहिली पायरी म्हणजे युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाईझ, एनएफसी प्रकाराने. र आणि नुक्ता वेगवेगळे आले असतील तर ते दोन्ही जोडून ऱ करतं. "जुझे" सारख्या नावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटच्या स्वरावरची तिरकी रेघ सुटी असेल तर तीही चिकटवतं. आपल्या जुन्या वाचनालयांत पोर्तुगीज पुस्तकं असतातच, तिथे हे लागतं. पण वरचे दोन्ही नमुने त्याने सुटत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ते समान नाहीतच. ते आपण स्वतः रिप्लेस करायचे: अ आणि चंद्र दिसला की ॲ, अ आणि ॉ दिसला की ऑ, र-हलन्त-जोडक दिसला की ऱ-हलन्त. एवढं झाल्यावर उरलेले अदृश्य जोडक आणि विलगक काढून टाकायचे. हे सगळं फक्त खुणेत करा. यादीत जाणारी मूळ नोंद जशी आहे तशी ठेवा, कारण छापायला तीच लागते.

गंमत अशी, की पायथन व्हेरिएबलच्या नावांवर असलं नॉर्मलायझेशन स्वतःहून करतो. अवतरणचिन्हांतल्या मजकुराला मात्र तो हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे.

जागांचं सोपं आहे. स्प्लिट करून पुन्हा एका स्पेसने जोडलं की कडेच्या आणि मधल्या जास्तीच्या जागा जातात. रोमन मजकुराला केसफोल्ड लावा, त्याने कॅपिटल-स्मॉलचा फरक जातो. आकड्यांकडे मात्र नीट बघा: एका वाचनालयाने दाखल क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिले असतील आणि दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत, तर मजकूर म्हणून ते वेगळे पडतील. इंट लावा. पायथनचा इंट देवनागरी आकडे सरळ वाचतो, वेगळी बदलाबदल करावी लागत नाही.

आणखी एक जागा जिथे मी हटकून तपासते, ती म्हणजे प्रत्येक फाईलची पहिली ओळ. एक्सेलमधून "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून जतन केलेल्या फाईलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूणचिठ्ठी बसते. नेहमीच्या यूटीएफ-८ ने उघडली तर ती पहिल्या रकान्याला चिकटते आणि स्ट्रिपनेही निघत नाही. मग "शीर्षक" नावाचा रकाना सापडत नाही, किंवा फाईलीला मथळा नसेल तर पहिलं पुस्तक कुणाशीच जुळत नाही. सहा फाईली म्हणजे अशी सहा पुस्तकं. उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या, चिठ्ठी असली तर निघते, नसली तरी बिघडत नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाईप केलेली एखादी फाईल असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा. त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

यानंतरही काही दुबार उरतील, आणि त्या कोडने काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेल्या पुस्तकावर "गांव" असेल, नव्या आवृत्तीवर "गाव". मोह होतो की खुणेतून सगळे अनुस्वारच पुसावेत. मग "रंग" आणि "रग" एक होतील. आपल्याकडे आणखी एक पदर आहे. गोव्यात मराठी रोमन लिपीत छापणं नवं नाही, १६१६ साली राशोलला मराठी काव्य रोमन लिपीत छापलं गेलं होतं. आडनावांचं तर विचारूच नका: नाईक, नायक, आणि पोर्तुगीज वळणाने शेवटी क्यू लावून लिहिलेला तोच नाईक. डिचोली कुणी "बिचोलिम" लिहितं, साखळी कुणी "सांकेलिम". गावांची यादी मोजकी असते, तिच्यासाठी एक छोटी डिक्शनरी हातानेच करा, प्रत्येक रूपापुढे तुमचं ठरलेलं नाव. लेखकांसाठी तसं सरसकट करू नका. दोन वेगळी माणसं एक होऊन बसतील.

अशा नोंदींसाठी मी संशयितांची वेगळी यादी काढते. पायथनसोबत येणाऱ्या डिफलिब मॉड्यूलमधला सीक्वेन्समॅचर दोन मजकूर किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगतो. तो सगळ्यांवर सगळे असा फिरवला तर पुन्हा ८० कोटी जोड्या होतील, आणि ही तुलना साध्या तुलनेपेक्षा कितीतरी महाग आहे. म्हणून आधी गट पाडा, लेखकाच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून किंवा प्रकाशन वर्षावरून, आणि गटातल्या गटातच ताडा. लिपी वेगळी असेल तर अक्षर जुळणार नाही, तिथे वर्ष कामाला येतं. ०.९ च्या वरच्या जोड्या छापून त्या-त्या वाचनालयाकडे पाठवा. तिथल्या बाई कपाटाकडे बघून अर्ध्या मिनिटात सांगतील की एक आहे की दोन. ते ज्ञान फाईलमध्ये नसतं. गट पाडायला आयटरटूल्सचा ग्रुपबाय वापरणार असाल तर आधी सॉर्ट करा, तो फक्त शेजारी-शेजारी असलेल्यांनाच एकत्र आणतो.

पांडास या तक्ते हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीतला ड्रॉप डुप्लिकेट्स वापरावा का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. पांडास आधीच येत असेल तर खुशाल वापरा, न सांगता तो पहिली नोंद ठेवतो आणि क्रमही राखतो. फक्त कीप या पर्यायाला फॉल्स दिलंत तर दुबार असलेल्या सगळ्याच नोंदी जातात, पहिलीसुद्धा. पण खूण तुम्हालाच काढून वेगळ्या रकान्यात भरावी लागेल. ४०,००० ओळींसाठी नुसतं सीएसव्ही मॉड्यूल मला पुरतं.

शेवटचं, फाईलींच्या क्रमाबद्दल. "पहिली नोंद ठेवायची" म्हटलं की पहिली कुठली हे फाईली कुठल्या क्रमाने उघडल्या त्यावर ठरतं, आणि ग्लॉब हे फाईली शोधून देणारं मॉड्यूल फोल्डरमधल्या फाईली ठरावीक क्रमाने देईल असं वचन देत नाही. तुमच्या संगणकावर एक वाचनालय आधी येईल, दुसऱ्याच्या संगणकावर दुसरं. सहाच फाईली आहेत, तेव्हा त्यांची नावं कोडमध्ये हाताने, तुम्हाला हव्या त्या क्रमाने लिहा. सगळ्यांत जुन्या वाचनालयाची फाईल पहिली ठेवा.